खाऱ्या वाऱ्यातले घर : गारवा आणि गरम पाणी यांची सोय व देखभाल

देशावरून किंवा विदर्भातून बदली होऊन रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, अलिबाग अशा किनाऱ्यावरच्या गावी आलेल्या, अथवा निवृत्तीनंतर गावचे बंद घर उघडून राहू लागलेल्या माणसाला घरातल्या गारव्याचे गणित नव्याने मांडावे लागते. नागपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो; रत्नागिरीत तो साधारण ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असतो, तरीही अंगाला चिकटलेला घाम वाळत नाही आणि रात्री झोप लागत नाही. याचे कारण हवेतील बाष्प. खोली तापवण्याची गरज किनाऱ्यावर थंडीतही पडत नाही, त्यामुळे 'गरम करण्याची सोय' म्हणजे इथे आंघोळीचे पाणी, एवढाच अर्थ घ्यावा. मात्र या दोन्ही सोयींची यंत्रे समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत लवकर खराब होतात. देखभालीच्या सवयी इथल्या हवेप्रमाणे बदलल्या नाहीत, तर देशावर सहज दहा वर्षे चालणारा एसी इथे तीन-चार वर्षांतच कुरकुरू लागतो. हा लेख अशा नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी आहे.

आधी कूलरचा विचार सोडावा

सामानाबरोबर आलेला कूलर बहुतेक जण पहिल्या उन्हाळ्यात लावून पाहतात. कूलर हवेत पाणी मुरवून ती थंड करतो, म्हणून तो हवेच्या 'ओल्या तापमाना'च्या खाली कधीच जाऊ शकत नाही; थर्मामीटरच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून वाऱ्यात धरले असता जे तापमान दिसते ते हे तापमान होय. नागपूरच्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी ते साधारण २३ अंश असते, म्हणजे कूलरला हवा बरीच थंड करण्यास वाव असतो. किनाऱ्यावर ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ते २८ अंशांच्या आसपास भरते. त्यामुळे कूलर इथे हवा जेमतेम दोन-तीन अंशांनी उतरवतो आणि त्या बदल्यात खोलीत आणखी ओल भरतो. काही दिवसांत गाद्यांना कुबट वास येऊ लागतो. कूलर देशावरच्या नातेवाइकांना देऊन टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

घर आधी, यंत्र नंतर

किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खिडक्या समोरासमोर उघड्या राहतील अशी व्यवस्था केली, तर वर्षातील बऱ्याच दिवसांत यंत्राची गरज पंख्यापुरतीच उरते. खिडकीसमोर उंच कपाट ठेवणे, जाळ्यांवर धूळ व मीठ साचू देणे, पडवी काचेने बंद करून खोली वाढवणे या तीन गोष्टींमुळे घरातील वारा अडतो. त्यांतली शेवटची चूक फार महागात पडते, कारण पडवीची सावली भिंतीला ऊन लागू देत नव्हती, तीच आपण घालवतो.

छपराकडे पुढचे लक्ष द्यावे. मंगलोरी कौलांखाली फळ्यांचा माळा असेल, तर माळ्यावरची गरम हवा बाहेर पडायला दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीची भोके ठेवावीत. सिमेंटच्या स्लॅबचे घर असेल, तर पावसाळा संपून गच्ची पूर्ण वाळल्यावर पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा आणि दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा लावावा, कारण शेवाळ धरून काळवंडलेला पांढरा रंग ऊन परतवत नाही. पत्र्याच्या शेडखालची खोली असेल, तर छत लावल्याशिवाय तिथे एसी बसवणे म्हणजे विजेचे बिल वाढवून घेणे होय.

नंतर पंखे बदलावेत. जुना साधा पंखा ७० ते ८० वॉट वीज घेतो, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी सुमारे ३० वॉट घेतो. आमच्या भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा इन्व्हर्टरच्या त्याच बॅटरीवर हा पंखा दुपटीहून अधिक वेळ चालतो; बिलातल्या बचतीपेक्षा मला हा फायदा मोठा वाटतो.

एसी निवडताना

सुमारे १२० चौरस फुटांच्या खोलीला १ टन, १८० चौरस फुटांपर्यंत दीड टन हा ढोबळ हिशेब सर्वत्र सांगितला जातो. 'थोडा मोठाच घेऊ' हा मोह मात्र इथे टाळावा. एसी दोन कामे करतो, हवा थंड करणे आणि तिच्यातील पाणी काढणे. गरजेपेक्षा मोठा एसी तापमान चटकन खाली आणतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो, पण तेवढ्या वेळात हवेतील ओल पुरेशी निघत नाही; खोली गार पण चिकट राहते. म्हणून मोजून घेतलेला, वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसी किनाऱ्यावर अधिक योग्य ठरतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकनाच्या पट्टीवर 'आयएसईईआर' हा एसीची कार्यक्षमता सांगणारा आकडा छापलेला असतो; तो जितका मोठा तितकी वीज कमी. ही मोजपट्टी वेळोवेळी कडक केली जाते, म्हणून दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पट्ट्यांवरील ताऱ्यांची तुलना न करता या आकड्याची तुलना करावी.

किनाऱ्यावर ताऱ्यांइतकेच महत्त्व बाहेरच्या युनिटमधील कॉइलला आहे. तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पंख म्हणजे फिन, अशी तिची रचना असते. मीठ आणि ओल एकत्र आली की या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तांब्यापेक्षा कमजोर असलेले ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून फिनवर संरक्षक लेप आहे का, बाहेरची पेटी आणि बैठक गंजरोधक आहे का, आतल्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांच्या पट्टीवर, ओल अडवणारा लेप दिलेला आहे का, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारावेत आणि उत्तर माहितीपत्रकात लिहिलेले दाखवायला सांगावे. हमीपत्र वाचताना 'समुद्रकिनाऱ्यावरील गंज वगळून' अशी अट आहे का, तेही पाहावे. कॉम्प्रेसरला दहा वर्षे हमी असते आणि कॉइलला मात्र एकच वर्ष, असे पुष्कळदा आढळते.

गॅसच्या बाबतीत आज बाजारात मुख्यतः आर-३२ मिळतो, काही एसींत आर-२९० असतो. ओझोनच्या थराला घातक असलेला आर-२२ आपल्या देशात टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, म्हणून त्या गॅसवरचा जुना एसी कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० चांगलाच ज्वलनशील आहे, त्यामुळे या एसींचे काम प्रशिक्षण घेतलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

बसवण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे

बाहेरचे युनिट कुठे बसते, यावर त्याचे निम्मे आयुष्य ठरते. समुद्राकडच्या भिंतीवर ते कधीही लावू नये. घराच्या पूर्वेच्या किंवा आडोशाच्या बाजूला, पण मागे-पुढे हवा मोकळी खेळेल असे लावावे. इथे एक बारकावा आहे. खोल छज्जाखाली लावलेले युनिट सुरक्षित वाटते, परंतु त्याच्यावर पावसाचे पाणी पडत नाही आणि वर्षभराचे मीठ धुतले जात नाही. साठलेले मीठ हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओले होते, म्हणजे पाऊस नसतानाही धातू भिजलेलाच राहतो. छज्जाखालच्या युनिटला म्हणूनच हाताने धुण्याची गरज अधिक असते, आणि ते शिडी लावून पोहोचता येईल अशा उंचीवर असले पाहिजे.

युनिट ज्या ब्रॅकेटवर बसते तो साध्या रंगवलेल्या लोखंडाचा नसावा. गरम जस्तलेपन केलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, आणि नट-बोल्टही त्याच धातूचे मागावेत. चांगल्या ब्रॅकेटला साधे बोल्ट लावले की आधी बोल्ट गंजतात. तांब्याच्या नळीवरचे काळे रबरी आवरण सांध्यापर्यंत अखंड असावे, नाहीतर उघड्या नळीवर दव धरून भिंत ओली होते. जोडणी झाल्यावर नळ्यांमधील हवा व्हॅक्यूम पंपाने काढलीच पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा 'ढकलून' देण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. तिच्यामुळे दमट हवेतील पाणी नळीत राहते आणि कॉम्प्रेसरच्या तेलाची खराबी होते. पंप आणलेला नसेल, तर काम दुसऱ्या दिवशी करायला सांगावे, यात संकोच बाळगू नये.

पाणी जाणाऱ्या नळीला सतत उतार हवा. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी काढतो, त्यामुळे नळीला मध्येच पोक आला तर पाणी खोलीत टपकू लागते. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, कारण कुंभारीण माशी अशाच भोकात चिखलाचे घर करते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एसीतून अचानक पाणी गळू लागले, तर मेकॅनिक बोलावण्याआधी नळीच्या तोंडात चिखलाचा गोळा बसला आहे का ते पाहावे. काडीने तो फोडला की बऱ्याचदा काम भागते.

विजेच्या बाजूला स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि व्होल्टेज फार वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर बसवावा. जांभ्या कातळावर बांधलेल्या घरांत अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण कातळात ओल टिकत नाही आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून एकदा अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात पाणी ओतावे.

वर्षभराची देखभाल

आतल्या युनिटची जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. हे काम घरातले कोणीही करू शकते.

बाहेरचे युनिट ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा, आणि घर समुद्रापासून अगदी जवळ असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, गोड्या पाण्याने धुवावे. आधी एमसीबी बंद करून पंधरा मिनिटे थांबावे. बागेच्या पाइपने, मंद धारेने, वरून खाली पाणी सोडावे. मोटारीचा जोरदार फवारा मारला तर कागदासारख्या पातळ फिन वाकतात आणि हवा अडते. विजेच्या पेटीकडे पाणी जाऊ देऊ नये. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते, ते पाणी यासाठी वापरू नये, कारण मीठ धुवायला मीठच वापरल्यासारखे होईल.

धुताना फिनकडे नीट पाहावे. चकचकीत चंदेरी किंवा निळसर दिसणाऱ्या फिन ठीक आहेत. त्यांच्यावर पांढरी पूड दिसू लागली की गंज सुरू झाला असे समजावे. ही पूड म्हणजे झिजलेले ॲल्युमिनियम आहे. पुढे फिन नळीपासून सुटतात आणि बोट लावताच वाळक्या पानासारख्या चुरतात. असे झाले की नळीतील उष्णता हवेला नीट दिली जात नाही, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो, बिल वाढते आणि शेवटी कॉम्प्रेसर जातो. पांढरी पूड पहिल्यांदा दिसेल तेव्हाच धुण्याचे अंतर कमी करावे. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने चटकन चमक आणण्यासाठी ॲसिडयुक्त द्रव काढला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. ते द्रव मळाबरोबर फिनही खातात.

'दर वर्षी गॅस भरावाच लागतो' हा किनाऱ्यावर फार रुजलेला गैरसमज आहे. एसीतील गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधून ती बुजवल्याशिवाय गॅस भरून घेणे म्हणजे तेच पैसे पुढच्या वर्षी पुन्हा देणे. मेकॅनिकने नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत, आणि नंतर युनिटवरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे, वजनकाट्यावर मोजून गॅस भरावा.

पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या आसपास असते पण आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे जाते. तेव्हा 'ड्राय' मोड वापरावा आणि एसी बंद करण्याआधी पंधरा मिनिटे नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतली कॉइल वाळते आणि बुरशीचा वास धरत नाही. उन्हाळ्यात २६ किंवा २७ अंश आणि सोबत छताचा पंखा, हे जोडकाम बहुतेकांना पुरते. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे.

पाली आणि मुंग्या ही आमच्याकडची नेहमीची डोकेदुखी. बाहेरच्या युनिटच्या पीसीबीवर पाल चिकटून शॉर्ट सर्किट झाल्याचे प्रत्येक मेकॅनिक सांगेल. तारा आत जाण्याची भोके पुट्टीने बंद करून घेतली, तर हा खर्च बराच टळतो.

आंघोळीचे पाणी

परसात तांब्याचा बंब असेल, तर तो मोडीत काढू नये. नारळाची सोडणे, करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या घरच्याच असतात, आणि त्यांच्यावर चार माणसांचे पाणी सहज तापते. मात्र बंब उघड्यावर किंवा मोकळ्या पडवीतच पेटवावा आणि मधली नळी महिन्याला काजळी काढून साफ करावी.

विजेचा गिझर घेताना पाण्याचा विचार आधी करावा. जांभ्यातील विहिरींचे पाणी पुष्कळदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, तर समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात खारट होते. दोन्ही पाण्यांत धातू झिजतो. खारट पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रे पडतात, म्हणून आतून काचेचा लेप दिलेली टाकी अधिक टिकते. तिच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. ही कांडी वर्षातून एकदा काढून पाहावी आणि बरीचशी झिजली असेल तर बदलावी. टाकी फुटल्यावर नवा गिझर घेणारी कुटुंबे पुष्कळ, पण ही स्वस्त कांडी वेळेवर बदलणारी फार थोडी.

गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. असा गिझर बाहेरच्या मोकळ्या जागेत बसवून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणावा.

सौर बंबासाठी कोकणात वर्षातील आठ महिने ऊन उत्तम असते. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कांडी जोडून घ्यावी. तोंड दक्षिणेकडे ठेवावे, आणि वर माड नसेल अशी जागा निवडावी, कारण काचेच्या नळ्यांवर सुकी झावळी पडली तरी त्या फुटतात. मोठे कुटुंब असेल किंवा घरात पाहुण्यांची राहण्याची सोय केलेली असेल, तर हीट पंपाच्या गिझरचाही विचार करावा. तो हवेतील उष्णता पाण्याला देतो, त्यामुळे साध्या गिझरच्या सुमारे एक तृतीयांश विजेत काम होते आणि आपल्या उबदार हवेत तो बारा महिने चांगला चालतो. त्याचीही कॉइल बाहेरच्या हवेत असल्याने धुण्याचा नियम त्यालाही लागू आहे.

वादळ आणि बंद घर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा छपरांबरोबर सौर बंबही उडाले. सौर बंब आणि गच्चीवरील सौर पॅनेल यांचे सांगाडे स्लॅबमध्ये खोल बसवलेल्या बोल्टने जखडलेले असावेत. नुसत्या विटा रचून भागत नाही. वादळाची सूचना आली की सगळे एमसीबी बंद करावेत आणि वीज परत आल्यावर व्होल्टेज स्थिर झाल्याची खात्री करूनच एसी लावावा. युनिटमध्ये उधाणाचे पाणी शिरले असेल, तर ते चालू न करता गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मेकॅनिकला दाखवावे.

गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच जे घर उघडले जाते, तिथे कुलूप लावण्याआधी बाहेरचे युनिट धुवावे, एमसीबी पाडावा, गिझरचे पाणी काढून टाकावे आणि रिमोटचे सेल बाजूला ठेवावेत. युनिटला प्लास्टिक गुंडाळू नये, कारण आत ओल कोंडून गंज अधिक धरतो. वरचा भाग झाकणारे टोपीसारखे आच्छादन पुरे. शेजारच्या काका-काकूंकडे किल्ली असेल, तर महिन्यातून एकदा खिडक्या उघडून तासभर एसी चालवण्याची विनंती करावी.

दुरुस्ती की नवा एसी

पीसीबी, कपॅसिटर, पंख्याची मोटर यांपैकी एखादाच भाग गेला असेल आणि कॉइल धडधाकट असेल, तर दुरुस्ती करावी. कॉइलला एका जागी छिद्र पडले असेल, तर वेल्डिंग करून पाहण्यास हरकत नाही. परंतु फिन चुरत असतील आणि वर्षभरात दुसऱ्यांदा गळती झाली असेल, तर त्याच कॉइलवर खर्च करत राहू नये. नवी कॉइल आणि मजुरी यांची बेरीज नव्या एसीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर बदलणेच योग्य. जुन्या तांब्याच्या नळ्या नव्या युनिटला जोडू नयेत, विशेषतः जुना गॅस वेगळा असेल तेव्हा. जुने युनिट भंगारवाल्याला देताना तो अंगणातच नळी कापून गॅस हवेत सोडतो, हे थांबवावे. आधी मेकॅनिककडून गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यावा आणि युनिट नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे किंवा नवा एसी देणाऱ्या विक्रेत्याच्या जुने परत घेण्याच्या योजनेत द्यावे. नवा एसी बसला की त्याची पहिली धुण्याची तारीख त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.